फ्री सीट, शून्य तिकीट आणि अमेरिकेचं उप्पीट

पोस्ट लांब झाली आहे, चहा घेऊनच वाचायला बसा.

मागच्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण झालं. कारण एक साधा फोटो. कुणीतरी बेळगावच्या बसस्टँडवरचा टाकला होता. गाडीच्या दारात बायकांची झुंबड, एकीने खिडकीतून पिशवी आत टाकून जागा धरलेली, कंडक्टर खाली उभा राहून कपाळाला हात लावतोय. त्याखाली अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने लिहिलं, "फुकट दिलं की असंच होणार. समाजवादानं देश बुडतात. इथं अमेरिकेत कुणी कुणाला फुकट काही देत नाही, म्हणून हा देश पुढं गेला."

त्यावर पटापट अंगठे पडले. एक अंगठा माझ्या वहिनीचा, म्हणजे त्याच्या आईचा. आता गंमत बघा. हीच आमची वहिनी त्याच्या आधीच्या मंगळवारी आधार कार्ड दाखवून, शून्य रुपयांच्या तिकिटावर बेळगावहून निपाणीला जाऊन आली होती. जुन्या घराची कौलं बघायला. येताना मला तीन वांगी आणि मेथीची जुडी आणली आणि म्हणाली, "जाऊन येऊन एक रुपया लागला नाही बघ." मी काही बोलले नाही. ग्रुपवर बोललं की लगेच कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतं आणि विषय मिटतो. म्हणून इथे लिहितेय. भाच्याला विचारून लिहितेय. नाव घालायचं नाही एवढीच त्याची अट आहे.

अमेरिका नावाची गोष्ट मला पहिल्यांदा निपाणीच्या मराठी शाळेत कळली, तीही नाकाने. साल १९६६-६७. मी चौथीत, दादा सातवीत. तेव्हा आमच्या राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक हे नाव १९७३ साली आलं. शाळा सरकारी, मास्तर मराठी, पुस्तकं मराठी, पगार म्हैसूर सरकारचा. दुपारी शाळेच्या मागच्या पडवीत मोठ्या पातेल्यात उप्पीट शिजायचं. पिवळसर, जाड्याभरड्या रव्याचं. मोहरी नाही, कढीपत्ता नाही, आणि तेलाला एक परका उग्र वास. कधी उप्पिटाऐवजी पावडरीचं दूध. पोत्यांवर आणि तेलाच्या डब्यांवर हातात हात दिलेलं चित्र आणि इंग्रजी अक्षरं. मास्तर सांगायचे, "हे केअरचं उप्पीट. अमेरिकेनं पाठवलंय." आम्हाला वाटायचं अमेरिका म्हणजे कुठल्या तरी मोठ्या अन्नछत्राचं नाव असणार.

आमची आई विड्या वळायची. निपाणीकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं. मापाने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, सुताने बांधायचं. मजुरी हजाराच्या हिशेबाने. कारखान्यात माल द्यायला गेलं की तपासणारा छाट काढणार, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. अशा घरात दोन पोरांचं दुपारचं जेवण शाळेत होणं ही लहान गोष्ट नव्हती. आम्ही घरी आलो की ती एकच विचारायची, "खाल्लासा न्हवं पोटभर? मग बसा आता पानं कापायला."

ते उप्पीट कुठून यायचं हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत १९५४ साली एक कायदा झाला होता, पी.एल. ४८०. तिथल्या शेतकऱ्याच्या मालाचा भाव पडू नये म्हणून सरकार मदत करायचं, त्यातून जादा धान्याच्या राशी साठायच्या, आणि त्यातलं धान्य या कायद्याखाली आमच्यासारख्या देशांना जायचं. यात सगळं पुण्यकर्मच होतं असं नाही. जॉन्सनसाहेबांनी त्याच वर्षांत गव्हाची जहाजं अडवून धरून दिल्लीच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पण राजकारण काही असो, माझ्या ताटात पडलेल्या उप्पिटाचे पैसे कॅन्ससच्या नाहीतर ओहायोच्या कुणा करदात्याच्या खिशातून आले होते. त्याने माझा चेहरा पाहिला नव्हता. या पोरीची लायकी काय, असं त्याने विचारलं नव्हतं.

आणि खुद्द अमेरिकेत? तिथल्या शाळांतल्या जेवणाला सरकारी मदत देणारा कायदा १९४६ साली झाला, तो आजही चालू आहे. म्हातारपणची पेन्शन १९३५ पासून. पासष्टीनंतरच्या औषधपाण्याची सरकारी सोय १९६५ पासून. कुणी कुणाला फुकट काही देत नाही म्हणे!

निपाणीकर मंडळींना तंबाखूचं सांगितलं तर लगेच पटेल. १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून आपले शेतकरी शरद जोशींबरोबर हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी गेले. ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना मी काय सांगणार. पण त्याच वेळी अमेरिकेतल्या तंबाखूच्या शेतकऱ्याला, खुल्या बाजाराच्या त्या पंढरीत, सरकार किमान भावाची हमी देत होतं. ती पद्धत १९३० च्या दशकापासून २००४ पर्यंत चालली. शरद जोशी स्वतः पुढे खुल्या बाजाराचे मोठे पुरस्कर्ते झाले, समाजवाद त्यांना कधीच मानवला नसता, हे मला ठाऊक आहे. मी फक्त इतकंच म्हणते की अमेरिका म्हणून जी आपण मनात पूजतो, ती अमेरिकेत कुठे सापडत नाही.

आमच्या घरात सरकारचा हात आणखी एका वाटेने आला. १९७६ साली विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर थोडा कर, त्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने, त्यांच्या पोरांना शिष्यवृत्ती. माझ्या धाकट्या भावाची वह्या-पुस्तकं त्या शिष्यवृत्तीत झाली. आई खोकत खोकत विडी कामगारांच्या दवाखान्यात जायची, ओळखपत्र दाखवायची, बाटलीतलं औषध आणायची. म्हणजे गावोगावचे विडी ओढणारे लोक नकळत माझ्या आईच्या खोकल्याचा खर्च उचलत होते. यापेक्षा न्याय्य हिशेब मला तरी माहीत नाही. २०१७ साली जीएसटी आल्यावर तो स्वतंत्र कर गेला. निधीला पैसे आता सरकारच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून मिळणार, म्हणजे दरवर्षी दुसऱ्याच्या मर्जीवर. ज्यांच्या घरात अजून विड्या वळल्या जातात त्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

आता भाच्याकडे येते. पोरगा हुशार, यात वाद नाही. १९९५ साली बारावी झाला. कर्नाटकात सीईटी तेव्हा नवीनच होती, आणि सुप्रीम कोर्टाच्या १९९३ च्या निकालानंतर खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांत दोन प्रकारच्या जागा झाल्या होत्या. एक 'पेमेंट सीट', दुसरी 'फ्री सीट'. निम्म्या जागा गुणांवर, सरकारी दराच्या फीत. उरलेल्या निम्म्यांकडून भरपूर फी घ्यायची आणि त्यावर या निम्म्यांचा भार काढायचा, अशी ती योजना. भाच्याला फ्री सीट मिळाली. दादाने निपाणीत पेढे वाटले. गल्लीत ज्याला त्याला वहिनी सांगत होती, "फ्री सीट मिळाली हो!" आणि ऐकणारा डोळे मोठे करून म्हणायचा, "फ्री? वा वा!"

मंडळी, इथेच माझं घोडं अडतं. आमच्या पोराच्या बाबतीत 'फ्री' म्हणजे लायक. बसच्या दारात उभ्या असलेल्या बाईच्या बाबतीत 'फ्री' म्हणजे ऐतखाऊ. शब्द एकच, गाव एकच, सरकारही एकच. पेमेंट सीटवाल्या कुठल्या तरी पोराच्या बापाने जमीन विकून भरलेल्या पैशातून आमच्या पोराची फी हलकी झाली असेल. त्याला आम्ही समाजवाद म्हटलं नाही. आम्ही त्याला मार्क म्हटलं.

मी अमेरिकेला एकदाच गेले, २००९ च्या नोव्हेंबरात. भाच्याच्या बायकोचं बाळंतपण होतं, वहिनीला एकटीने विमानाचा धीर होईना, म्हणून मी सोबत. मी तेव्हा पोस्टात नोकरीला होते, साठवलेली सगळी रजा काढली. तीन महिने राहिले. फार चांगले दिवस गेले, खोटं कशाला बोलू.

पहिल्याच आठवड्यात सूनबाईने घर दाखवताना सांगितलं, "आत्या, हे घर आम्ही शाळा बघून घेतलं. रस्त्याच्या पलीकडं गेलं की दुसरी शाळा लागते, तिकडं घरं स्वस्त आहेत." मला वाटलं खाजगी कॉन्व्हेंट असेल. नव्हे, सरकारी शाळा! घरपट्टीतून चालणारी, फी नसलेली. म्हणजे माझ्या भाच्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी केली ती एका फुकट सरकारी शाळेच्या नादाने. रस्त्यावर बर्फ पडला तर पहाटे चारला सरकारी गाडी येऊन बर्फ बाजूला सारायची. वाचनालय तर असं की मी बघतच राहिले. वर्गणी नाही, अनामत नाही, हवी तेवढी पुस्तकं न्या. पोरांना गोष्टी सांगायला बाई, म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवायला माणूस. आपल्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, त्याचा मला अभिमान आहे, पण ते आपण वर्गणीवर आणि देणग्यांवर जगवलं. इथे सगळं गाव मिळून घरपट्टीतून वाचनालय चालवत होतं.

एकदा मी वांग्याच्या भरतासाठी फोडणी केली. लाल मिरची जरा जास्त पडली. छतावरचं यंत्र जे बोंबलायला लागलं ते थांबेना. शेजारणीने फोन केला आणि दहा मिनिटांत आगीचा बंब दारात. तिघं उंचेपुरे जवान आत आले, कढईत डोकावले, खोकले, हसले आणि गेले. मी भाच्याला विचारलं, "याचं बिल किती येणार रे?" तो म्हणाला, "छे, फायर ब्रिगेडचं कसलं बिल?" मी गप्प बसले. पण त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनी पायरीवरून घसरली. मनगट सुजलं. एका दवाखान्यात नेलं, फोटो काढला, पट्टी बांधली, मोडलं नव्हतं. महिन्याने बिल आलं. ते बघून वहिनीचं उरलंसुरलं दुखणं पळालं. प्रवासाच्या विम्याने थोडं दिलं, बाकी भाच्याने भरलं. त्या पैशात निपाणीत तेव्हा गुंठाभर जागा आली असती.

तर आग लागली की समाजवाद, मनगट सुजलं की बाजार. ही रेघ कुणी आणि कुठे मारली हे मला अजून कळलेलं नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून तिथे रान पेटलं होतं. एका सभेत एका माणसाने खासदाराला बजावलं होतं की सरकारने माझ्या मेडिकेअरला हात लावू नये. मेडिकेअर हीच मुळी सरकारी योजना! शेजारची आजीबाई तशीच. पेन्शन सरकारची, औषधं सरकारच्या पैशाची, आणि आमच्याशी बोलताना सरकार म्हणजे चोर. मला तिचा राग आला नाही. मला आमच्या टिळकवाडीतले निवृत्त लोक आठवले. सकाळी फिरताना राकसकोपच्या धरणाचं पाणी पिऊन निघतात, महापालिकेच्या रस्त्यावरून चालतात, सरकारी पेन्शनवर जगतात, आणि बाकावर बसून "लोकांना फुकटची सवय लागली" म्हणतात.

कुणी जाणता म्हणेल, बाई, याला समाजवाद म्हणत नाहीत. समाजवाद म्हणजे कारखाने, जमिनी समाजाच्या मालकीच्या. बरोबर आहे. आमच्या लहानपणी समाजवादी म्हणजे बॅरिस्टर नाथ पै. १९७१ च्या जानेवारीत बेळगावात सभा गाजवली आणि इथेच गेले. त्यांच्यापुढे नळ आणि बस म्हणजे समाजवाद म्हणायचं धाडस मी केलं नसतं. पण अमेरिकेतच मिलवॉकी नावाचं शहर आहे, तिथे १९१० साली समाजवादी पक्षाचा महापौर निवडून आला, आणि पुढे १९६० पर्यंत मध्ये खंड पडत तीन समाजवादी महापौर झाले. त्यांचेच क्रांतिकारक सोबती त्यांना 'गटारवाले समाजवादी' म्हणून हिणवायचे, कारण ही मंडळी सारखी गटारं, नळ आणि बागा यांचंच कौतुक सांगायची. मला ते शब्द फार आवडले. गटार नीट वाहत असलं की त्याच्याकडे कुणी बघत नाही, हेच त्याचं दुर्दैव.

आता त्या बसकडे. शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशी उचगावच्या बाजूच्या एका खेड्यातून येतात. आधी अर्धी वाट चालत यायच्या आणि उरलेल्या अर्ध्या वाटेचं तिकीट काढायच्या, हे मला योजना सुरू होईपर्यंत माहीतच नव्हतं. सात वर्षं माझ्या घरी काम करत होत्या, मी कधी विचारलं नव्हतं. ही माझी लाज, सरकारची नव्हे. आता पूर्ण वाट गाडीने येतात, आणि महिन्यातून एकदा खानापूरला लेकीकडे जातात.

गैरसोय आहे. ती मी लपवणार नाही. गाड्या खचाखच भरतात, दप्तरवाली पोरं दारात लोंबकळतात, पास काढलेल्या माणसाला उभं राहावं लागतं, कंडक्टरचा जीव मेटाकुटीला येतो. पण गर्दी झाली म्हणून बायकांना उतरवा, असं म्हणणारे कधी गाड्या वाढवा असं म्हणत नाहीत.

एका बाबतीत मात्र मावशींशी माझं जमत नाही. मला खात्यावर पैसे टाकायच्या योजना आवडत नाहीत. इकडे गृहलक्ष्मीचे दोन हजार, तिकडे महाराष्ट्रात लाडक्या बहिणीचे दीड हजार. मी त्यांना म्हटलं, "पैसे वाटण्यापेक्षा तुमच्या गावच्या दवाखान्यात रोज डॉक्टर दिला असता तर बरं झालं नसतं?" त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "बाई, डाक्टर कवा येणार की. माझा गुडघा आज दुखूलालाय." मला यावर उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, पण माझं मतही बदललेलं नाही.

सीमाभागात आपली आणखी एक तऱ्हा आहे. दोन राज्यांत वाद पेटला की पहिला दगड बसवर. २०२२ च्या डिसेंबरात बघितलंत ना, इकडे महाराष्ट्राच्या गाडीला काळं, तिकडे कर्नाटकच्या गाडीला काळं, आणि मग गाड्या बंद. निपाणीच्या स्टँडवर कोल्हापूरला दवाखान्यात निघालेली माणसं गाठोडी घेऊन बसून. रात्रीच्या खाजगी आराम बसला कुणी काळं फासलेलं मी तरी पाहिलं नाही. जे सगळ्यांचं आहे तेच आधी फोडायचं. आणि दुसऱ्या वर्षी, २०२३ ला, महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, तर कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. एक सरकार आजाऱ्याला फुकट उपचार देतो म्हणतं आणि दुसरं म्हणतं, आमच्या आजाऱ्याला तुम्ही का म्हणून? अमेरिकेतल्या भाच्याला हे सांगितलं तर त्याला विनोद वाटेल. आजाऱ्याला विचारा.

हे सगळं लिहिलं तरी जे लिहायला बसले होते ते अजून राहिलंय. ते शाळेचं.

मावशींचा नातू त्यांच्या गावच्या सरकारी मराठी शाळेत तिसरीत आहे. कर्नाटक सरकारची शाळा, मराठी माध्यमाची. भाषेवरून आपलं या सरकारशी कितीही भांडण असलं तरी बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मराठी शाळांतल्या मास्तरांचा पगार हे सरकार देतं, हे खरं आहे. दुपारी गरम जेवण आहे, आमच्या उप्पिटापेक्षा कितीतरी चांगलं. पण त्या शाळेत आज तीन इयत्ता एका खोलीत एकच बाई शिकवतात. दुसऱ्या बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पटसंख्या कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पटसंख्या कमी.

पोरं गेली कुठे? आपल्याच घरात आहेत. पिवळ्या व्हॅनमधून टाय लावून जातात. मी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललेली बाई आहे, एकदा नव्हे, अनेकदा. मराठी पाट्यांसाठी घोषणा दिल्या आहेत. आणि १९८९ साली माझ्या लेकीला मी खाजगी इंग्रजी शाळेत घातलं. सरकारी शाळेत शिकलेली, सरकारी पोस्टात नोकरी करणारी मी! तेव्हा आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेचं छप्पर गळत नव्हतं, शिक्षकही होते. तरी घातलं, कारण शेजारणीने घातलं होतं. आमच्यासारखी घरं निघून गेली, आणि शाळेत उरली ती अशांची पोरं, ज्यांच्या आईबापांना साहेब बाहेर उभं करतो.

भाच्याच्या गावातली सरकारी शाळा चांगली का? तिथल्या हवेत काही आहे म्हणून नव्हे. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांची पोरं तिथे जातात. नळाला पाणी नसलं तर संध्याकाळी शंभर ई-मेल जातात. तिथेही रस्त्यापलीकडे, घरं स्वस्त असलेल्या बाजूला, शाळा तशी नाही, हे सूनबाईनेच सांगितलं होतं.

मागच्या महिन्यात मी मावशींबरोबर संबंधित कार्यालयात गेले. त्या आधी दोनदा एकट्या जाऊन आल्या होत्या. दोन्ही वेळा "उद्या या". मी गेले तेव्हा साहेबांनी मला खुर्ची दिली. एकच खुर्ची होती असं नाही, तीन रिकाम्या होत्या. मी मराठीत बोलत होते, ते कानडीत, दोघांनाही सगळं समजत होतं. वीस मिनिटांत तोंडी आश्वासन मिळालं, दुसऱ्या शाळेतले एक मास्तर आठवड्यातून तीन दिवस पाठवू. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही आधीच आला असता तर?" त्यांनी ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. मास्तर अजून आलेले नाहीत.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. नातवंडांना इंग्रजी शाळेतून काढा असं सांगायचा मला अधिकार नाही, मी स्वतः ते केलं नाही. पण ज्या शाळेत तुम्ही शिकलात, ती चालू आहे का, तिथे किती मास्तर आहेत, एवढं जाऊन बघा. बेळगावात असाल तर पायी जाऊन, पुण्यात असाल तर सुट्टीत, अमेरिकेत असाल तर फोन करून. देणगी देऊन फोटो काढू नका. रिकाम्या जागेची चौकशी करा. तुम्हाला खुर्ची मिळते.

काल रात्री भाच्याचा फोन आला. हा मजकूर त्याला आधी पाठवला होता. तो फ्री सीटवर थोडा चिडला. म्हणाला, "आत्या, मी अभ्यास केला होता." मी म्हटलं, "केला होतास की, मी कुठं नाही म्हणते. मावशीसुद्धा पहाटे चारला उठतात." थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबांनी कधी सांगितलं नाही ते उप्पिटाचं. कसं लागायचं गं?" मी सांगितलं, वाईट लागायचं, पण तुझा बाप दोनदा घ्यायचा.

सोमवारी गावच्या शाळेत एसडीएमसीची बैठक आहे. मावशींनी मला यायला सांगितलंय. साडेदहाची गाडी आहे, आणि त्या वेळी गर्दी असते, म्हणून त्या पिशवी घेऊन आधी जाऊन उभ्या राहणार आहेत.